दर्या, दऱ्या आणि पडद्यावरील कळफलक

वसईच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरात दऱ्या. हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. कानाला कळणारा हा फरक यंत्राला कसा कळावा?

समजा, वसई-विरारच्या एखाद्या शाळेतील मुलांनी घरोघरचे वाडवळी आणि सामवेदी शब्द टिपण्यासाठी मोबाइलचे ॲप करायचे ठरवले. 'नवा शब्द' हे बटण दाबले की पडद्याच्या मध्यभागी लहान चौकट उघडावी व तीत शब्द लिहावा. हिला आपण संवादचौकट म्हणू. आजीच्या फोनवर मराठी कळफलक असेलच असे नाही. म्हणून मुलांनी ॲपमध्येच स्वतःचा कळफलक मांडला आणि त्यात 'ऱ'ला वेगळी कळ दिली. मुख्य पडद्यावर तो उत्तम चालला. संवादचौकट उघडली मात्र, आणि कळ दाबताच अक्षर उमटण्याऐवजी चौकटच मिटून गेली!

चूक अक्षरांची नव्हती. अँड्रॉइड फोनवर संवादचौकट ही मुख्य पडद्याचा भाग नसते. ती त्याच्यापुढे उभी राहिलेली स्वतंत्र खिडकी असते. दुकानदाराच्या मेजावरील काचेखाली ठेवलेली नाणी दिसतात, पण उचलता येत नाहीत. मुलांचा कळफलक तसाच मागच्या खिडकीत अडकला होता. त्याच्यावर ठेवलेले बोट म्हणजे चौकटीबाहेरचा स्पर्श, आणि अशा स्पर्शाचा अर्थ यंत्र सहसा 'चौकट बंद करा' असा घेते.

उपाय सोपा आहे. कळफलक संवादचौकटीच्याच मांडणीत, लेखनाच्या रकान्याखाली ठेवावा. आता आणखी एक खोच. कळ दाबल्यावर 'सध्या कोणत्या रकान्यात लिहायचे आहे?' असा प्रश्न कार्यक्रम विचारतो. तो मुख्य खिडकीला विचारला, तर चौकटीतला रकाना तिला ठाऊकच नसतो. प्रश्न चौकटीलाच विचारला पाहिजे. (आमच्या मते नवशिके सर्वांत जास्त वेळ येथेच घालवतात.)

रकान्यावर बोट ठेवताच फोनचा नेहमीचा कळफलकही वर येतो आणि पडद्यावर दोन कळफलकांची गर्दी होते. अँड्रॉइडच्या ५ व्या आवृत्तीपासून (२०१४) तो न आणण्याची सूचना त्या रकान्यालाच देता येते. पूर्वी अँड्रॉइडबरोबर कळफलकाचा तयार साचा मिळे; १० व्या आवृत्तीपासून (२०१९) तो कालबाह्य ठरवला आहे, तेव्हा साधी बटणे ओळीने मांडावीत हे बरे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. द २३४२, र २३५२, ऱ २३५३, हलन्ताची खूण २३८१, य २३५१ आणि काना २३६६. म्हणून

दर्या = २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६
दऱ्या = २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६

फरक फक्त एका अंकाचा! रफार काढायचा की आडवा अर्धा र, हे अक्षरे रेखाटणारा कार्यक्रम या क्रमांकांवरून ठरवतो. कळफलक केवळ क्रमांक पुरवतो.

खोडण्याची कळही मुलांनाच लिहावी लागेल. एका दाबात एकच क्रमांक पुसला, तर 'दऱ्या' पूर्ण पुसायला किती वेळा दाबावे लागेल? प्रत्येक दाबानंतर पडद्यावर काय उरेल, ते कागदावर लिहा. मग 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द घेऊन तसेच करून पाहा.