मीटर वाचणारी आजी आणि मोबाइलचे ॲप

विजेच्या मीटरच्या खिडकीकडे दोन मिनिटे टक लावून पाहा. आकडे सारखे बदलतात. तारीख येते, वेळ येते, कमाल मागणी येते. मध्येच किलोवॉट-तासांचा, म्हणजे एकूण युनिटांचा आकडा येऊन जातो. बिलासाठी हवा असतो तो हाच.

पनवेलमध्ये घरोघरी वीज पुरवणाऱ्या महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला आपले रीडिंग स्वतः पाठवता येते. स्मार्ट मीटर ते आपण होऊनच कळवतो. साध्या मीटरच्या घरी मात्र आजीने नेमके काय लिहावे?

असे ॲप तुम्हालाच रचायचे आहे, असे समजा. रंग आणि चित्रे मागाहून बघू. मागील रीडिंग ४४६२, आजचे ४५८७.१, वापर सुमारे १२५ युनिट. आजीला टिंब दिसले नाही आणि तिने ४५८७१ लिहिले, तर वजाबाकी येते ४१,४०९! ॲपने ती मुकाट्याने स्वीकारावी काय?

घराचा मंजूर भार २ किलोवॉट धरा. तो सगळा ३० दिवस अहोरात्र चालू ठेवला, तरी २ × २४ × ३० = १,४४० युनिटेच होतात. त्यापुढची संख्या दिसताच ॲपने ठळक मराठीत विचारावे, “टिंबानंतरचा आकडाही लिहिला का?” नुसते ‘चुकीची नोंद’ म्हणून आजीला परत पाठवणारे ॲप काय कामाचे?

नवे रीडिंग जुन्यापेक्षा कमी आले, तर? मीटर बदलला असेल. तेही विचारायला हवे.

बिलावर मंजूर भार छापलेला असतो. त्यावरून तुमच्या घरासाठी ही कमाल संख्या काढा.