चेहऱ्यावरील जन्मजात दुभंग : निदान आणि वर्गीकरण

नवजात बालकाच्या चेहऱ्यावरील दुभंग कोणाच्याही दृष्टीस पडतो; परंतु त्याची खरी व्याप्ती पुष्कळदा त्वचेखालील हाडांत दडलेली असते. ती जाणून घेतल्यावाचून उपचारांची आखणी करता येत नाही.

गर्भावस्थेच्या साधारण चौथ्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान चेहऱ्याचे निरनिराळे भाग वाढत येऊन परस्परांस जुळतात. ही जुळणी अपुरी राहिली म्हणजे दुभंग निर्माण होतो. ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने काही चिरले म्हणून मुलाचा ओठ दुभंगतो, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. आनुवंशिकता, गरोदरपणातील तंबाखूसेवन, मधुमेह, अपस्मारावरील काही औषधे अशा अनेक कारणांचा यात संबंध असू शकतो. मातेला दोष देण्याने बालकाचे उपचार मात्र लांबतात.

दुभंगलेला ओठ व दुभंगलेली टाळू हे प्रकार सर्वांत अधिक आढळतात. त्यांचे निदान प्रत्यक्ष तपासणीने होते. ओठ अखंड असूनही टाळू दुभंगलेली असू शकते. म्हणून जन्मतःच बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या आतील भाग पाहणे अगत्याचे आहे. गर्भारपणी १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास केलेल्या सोनोग्राफीत ओठाचा दुभंग बहुधा दिसून येतो. केवळ टाळूचा दुभंग मात्र सहसा निसटतो.

गाल, डोळा किंवा कपाळ यांपर्यंत जाणारे दुभंग विरळा असतात. त्यांच्यासाठी फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी १९७६ मध्ये सुटसुटीत वर्गीकरण मांडले. डोळ्याची खोबण मध्यवर्ती धरून त्यांनी दुभंगांना ० ते १४ असे क्रमांक दिले. ० ते ७ हे चेहऱ्याकडील, तर ८ ते १४ हे कवटीकडील होत. तिसऱ्या क्रमांकाचा दुभंग नाकाच्या बाजूने डोळ्याच्या आतील कोपऱ्याकडे जातो; सातव्याचा तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या दिशेने. खालचा व वरचा दुभंग एका रेषेत आल्यास त्यांच्या क्रमांकांची बेरीज १४ भरते. जसे, ३ आणि ११. क्रमांक सांगताच दूरच्या रुग्णालयातील शल्यविशारदालाही दुभंगाच्या मार्गाची कल्पना येते.

हा क्रमांक निश्चित करण्यास सीटी स्कॅनचे मोठे साहाय्य होते. साध्या क्ष-किरण चित्रात चेहऱ्याची हाडे एकावर एक आलेली दिसतात. सीटी स्कॅनमध्ये पातळ छेदांची चित्रे मिळतात व संगणक त्यांपासून कवटीची त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. खोबणीचा तळ शाबूत आहे काय, जबड्याचे हाड कोठे खंडित झाले आहे, हे त्यावरून शस्त्रक्रियेपूर्वीच कळते. मात्र बालकांच्या बाबतीत किरणोत्सर्गाचा विचार करून ही तपासणी आवश्यक तेवढीच करावयाची असते. केवळ ओठ किंवा टाळू दुभंगलेली असल्यास निदानासाठी तिची सहसा गरज नसते.

ओठावरील शस्त्रक्रिया सामान्यतः पहिल्या वर्षात, तर टाळूवरील दीड वर्षाच्या आत करणे हितावह ठरते. विलंब झाल्यास वाणीवर परिणाम होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश असून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडी व शाळांतून केली जाते. असे बालक जन्मल्याचे कळताच पंचायत सदस्यांनी ते आरोग्य केंद्रापर्यंत पोचेल, हे पाहावे. वर्गातील एखादे मूल नाकात बोलत असल्यास शिक्षकांनी त्याला चिडवू न देता तपासणी पथकाच्या निदर्शनास आणावे. यंत्राचे काम त्यानंतर सुरू होते.