प्रार्थनासभेत नाव घेण्याआधी

धाराशिव जिल्ह्यात नोकरी करणारा ख्रिस्ती माणूस आपल्या कार्यालयात बहुधा एकटाच असतो. जिल्हा परिषदेची शाळा असो, प्राथमिक आरोग्य केंद्र असो, एसटीचे आगार असो की बँकेची शाखा, तिथे फार तर आणखी एखादा विश्वासू सापडेल. २०११च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात आपण मूठभर आहोत. अशा माणसाचे शेजारच्या टेबलाशी बिनसले की तो काय करतो, हे बरीच वर्षे पाहून माझे एक मत झाले आहे. तो कार्यालयात गप्प बसतो आणि प्रार्थनासभेत बोलतो. ‘आमच्या ऑफिसातल्या अमुक बाई फार त्रास देतात, माझ्यासाठी प्रार्थना करा,’ अशी सुरुवात होते आणि मग सगळे बारीकसारीक बाहेर येते. मंडळी कळवळून प्रार्थना करते. तोवर त्या बाईंचे नाव, त्यांचे टेबल आणि परवा त्या काय बोलल्या, हे वीस जणांच्या कानांवर गेलेले असते. उमरगा, कळंब, परांडा ही गावे अशी केवढी मोठी! ऐकणाऱ्यांपैकी कुणाची मुलगी त्याच शाळेत असते, कुणाची नणंद त्याच गल्लीत राहते. दोन दिवसांत त्या बाईंना कळते की चर्चमध्ये आपल्या नावाने प्रार्थना झाली. नुसती चुगली असती तर त्यांना निदान भांडता आले असते. प्रार्थनेशी कसे भांडणार? दिसायला भक्तीची असलेली ही वाट उघड भांडणापेक्षा जास्त नासधूस करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने तक्रारीचा क्रम घालून दिला आहे. आधी त्या माणसाकडे एकट्याने जायचे आणि दोघांतच बोलायचे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचे. तरीही जमले नाही तरच मंडळीला सांगायचे. आपण तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो आणि पहिलीवर कधी पोहोचतच नाही. पाचव्या अध्यायात तर याहून कडक सांगितले आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला आठवले की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून त्याने आधी समेट करायला जावे. म्हणजे उपासना थांबली तरी चालेल, पण ही भेट थांबता कामा नये. ‘मग त्या माणसासाठी प्रार्थनाच करायची नाही का?’ असे कुणी विचारील. जरूर करायची, पण प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायलाही प्रभूनेच सांगितले आहे. बंद दाराआड घेतलेले नाव गावभर होत नाही.

याच मुद्द्यावर शास्त्र जाणणारा एखादा मला अडवील. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलानेच युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे घेतली आहेत, आणि ते पत्र सगळ्यांसमोर वाचले जाणार होते. खरे आहे. पण त्याने कसे लिहिले ते पाहा. दोघींना सारखीच विनंती केली. चूक कुणाची, हे एका अक्षरानेही सांगितले नाही, इतके की आज दोन हजार वर्षांनंतरही त्यांचे कशावरून बिनसले होते ते आपल्याला कळत नाही. आणि या दोघींनी सुवार्तेच्या कामात आपल्याबरोबर कष्ट केले, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले. आपल्या प्रार्थनासभेत नाव घेताना यातले किती असते? तिथे वाद पूर्ण सांगितला जातो, तोही एकाच बाजूने, आणि त्या बाईंनी गेल्या वर्षी आपल्या आजारपणात आपले वर्ग सांभाळले होते हे कुणालाच आठवत नाही.

आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संतमेळ्यात गोरोबांनी थापटणीने एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके पक्के की कच्चे ते पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. नामदेव रुसून पंढरपूरला गेले आणि थेट विठ्ठलाकडे गाऱ्हाणे केले. विठ्ठलाने लाडक्या भक्ताची बाजू घेतली नाही. विसोबा खेचरांकडे जा, असे सांगून त्यांना पुन्हा माणसाकडेच पाठवले. कथा वारकऱ्यांची आहे, पण नारायण वामन टिळकांसारखा ख्रिस्ती कवी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचल्याचे सांगत असे. तेव्हा तिच्यातून शिकायला मला संकोच वाटत नाही. देवाकडे नेली म्हणून तक्रार आपोआप खरी ठरत नाही.

दुसरी गोष्ट, तक्रार मुळात कशाची असते? माझ्या पाहण्यात तरी दहातल्या सात-आठ तक्रारी कामाच्या वाटणीच्या असतात, पण आपण त्यांना आत्मिक नाव देतो. ‘सैतान त्यांच्यातून काम करतोय,’ असे म्हटले की विषयच संपला. मग हजेरीपट उघडून पाहायची गरज उरत नाही. खरी स्थिती अशी असते. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात आपला जिल्हा आला. आरोग्य, पोषण, शिक्षण यांचे आकडे दर महिन्याला वर जाऊ लागले आणि क्रमवारी लागू लागली. वरून दट्ट्या, खाली रिक्त पदे. एका सिस्टरकडे दोन उपकेंद्रांचा भार येतो, आशाताईंच्या नोंदी उशिरा मिळतात, डेटा ऑपरेटर म्हणतो की मला कागदच आला नाही, आणि बैठकीत साहेबांचा आवाज ज्या सिस्टरवर चढतो तिला वाटते की दुसरीने मुद्दाम अडकवले. यात सैतानाला फारसे काम उरलेले नसते. अशा वेळी, ‘तुम्ही मला नेहमी पाण्यात पाहता,’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण त्यावर समोरचा फक्त ‘नाही’ म्हणू शकतो. उलट, ‘मॅडम, गेल्या महिन्यात लसीकरणाची यादी माझ्याकडे तीस तारखेला आली आणि बैठकीत बोलणी मला बसली. या महिन्यात ती पंचवीसपर्यंत मिळेल का? माझ्याकडून काय हवे ते सांगा,’ असे म्हटले तर समोरच्याला काहीतरी करता येते. तारीख, कागद आणि एक मागणी, एवढे पुरे. हे चहाच्या टपरीवर चार जणांत बोलू नका आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. दुपारी डबा खाऊन झाल्यावर टेबलाशी दोघेच असताना बोला.

आपल्या जिल्ह्यातला सर्वांत नाजूक प्रसंग मात्र कामाचा नसतो, प्रसादाचा असतो. नवरात्रात आणि कोजागिरीला अर्धे कार्यालय तुळजापूरला जाऊन येते, कितीतरी जण पायी जातात. परत आल्यावर प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवला जातो. खंडेनवमीला आगारातल्या गाड्यांना आणि ऑफिसातल्या संगणकांना हार पडतात, नारळ फुटतो. त्याआधी गणपतीची वर्गणी झालेली असते. इथे आपली माणसे बहुधा पळवाट काढतात. त्या दिवशी रजा टाकायची किंवा फाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. प्रसादाची पुडी हसून घ्यायची, टेबलाच्या खणात सरकवायची, आणि संध्याकाळी ती केराच्या टोपलीत शिपाईमामांना सापडायची. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो. ‘नको’ म्हटल्याने जितके दुखावले असते त्याच्या कितीतरी पट ती टोपलीतली पुडी दुखावते. करिंथच्या विश्वासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. मूर्तीपुढचे मांस खावे की नाही. पौलाने आठव्या आणि दहाव्या अध्यायांत दिलेले उत्तर ठोकळेबाज नाही. कुणी जेवायला बोलावले तर चौकशा न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. त्यावरून आपल्या मंडळ्यांत दोन मते आहेत आणि मी इथे निवाडा करत नाही. माझे म्हणणे रीतीपुरते आहे. जे ठरवायचे ते आधी ठरवा आणि तोंडावर, गोडीने सांगा. ‘ताई, प्रसाद म्हणून मी घेत नाही, राग मानू नका. पायी गेलात ना? पायांना फोड आले का?’ यात नकारही आहे आणि आपुलकीही. त्याहून चांगले म्हणजे, कोजागिरीच्या दिवशीची ड्यूटी आपणहून मागून घ्या, म्हणजे त्यांना जाता येईल. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळची किंवा ईस्टरच्या रविवारची सुटका उघडपणे मागा. आपण एकटे आहोत म्हणून लाजून गप्प बसलो, तर रविवारच्या ड्यूटीत आपले नाव वर्षभर येत राहते, कारण त्या दिवशी आपल्याला उपासना असते हे कुणाला माहीतच नसते.

आधी स्पष्ट न बोलल्याची किंमत काय असते, त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी हिंदू समाजातली मोठी माणसे सल्लागार होती. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची, हे सर्वांना मान्य होते. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसत; हे तटस्थतेत बसते की नाही, यावर एकमत नव्हते. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. मी दोन्ही बाजूंना दोष देत नाही. रमाबाईंना स्वतःच्या खोलीत दार लावून घ्यायला सांगणे जाचक होते आणि पालकांचा विश्वास जपण्याची सल्लागारांची काळजीही खरी होती. पण कुठवर चालेल, हे शांतपणे ठरवायला हवे होते, ते वर्तमानपत्रात भांडून ठरले. याच रमाबाईंचे इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीही धर्ममतांवरून तीव्र मतभेद झाले. त्या मतभेदांची पत्रे रोखठोक आहेत, मात्र ती थेट सिस्टरनाच लिहिलेली आहेत. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपून ठेवली आणि १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे नाते तुटले नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ‘दुसरा गाल पुढे कर, असे प्रभूने सांगितले असताना तुम्ही जाब विचारायला कसे सांगता?’ योहानाचा अठरावा अध्याय उघडा. महायाजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असे त्याने विचारले. सूड घेतला नाही, पण प्रश्न विचारला. फिलिप्पैत बेकायदा फटके खाल्लेल्या पौलाला अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचे ठरवले, तेव्हा तो हटून बसला: त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे. पुढे फेस्तासमोर त्याने कैसराकडे दाद मागितली. म्हणून जिथे बिनसणे हे बिनसणे नसून छळ असतो, तिथे दोघांत बोलण्याचा माझा सल्ला लागू नाही. जातीवरून कुणी टोमणे मारत असेल, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवत असेल, स्त्रीला नको तसे बोलत किंवा स्पर्श करत असेल, तर एकट्याने खोलीत जाऊन समजूत काढायची नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते; तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. क्षमा मनात करता येते आणि अर्जही देता येतो. या दोन्हींत विरोध आहे, असे शास्त्र कुठे म्हणत नाही.

आणि बोलूनही जमले नाही तर? रोमकरांस लिहिताना पौलाने सर्वांशी शांतीने राहायला सांगितले, पण त्याआधी ‘शक्य असेल तर’ आणि ‘आपल्याकडून होईल तितके’ अशा दोन अटी घातल्या. त्याला स्वतःला त्यांची गरज पडली होती. मार्काला बरोबर न्यावे की नाही, यावरून त्याचे आणि बर्णबाचे एवढे वाजले की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. त्यामुळे काम बुडाले नाही, आणि शेवटी तुरुंगातून त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असे पौलाने लिहिले. टिळकांनीही १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. तेव्हा बदलीचा अर्ज म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे मानू नका. फक्त निघताना मागे आरोपांचा ढीग ठेवून जाऊ नका.

पाळकांना आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कुणी सहकाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थनाविनंती सांगू लागला, तर त्याला तिथेच हळूच थांबवा आणि सभेनंतर बाजूला बोलावून विचारा, ‘त्यांच्याशी बोललास का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच्या धैर्यासाठी प्रार्थना करा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.