खेळ रुजतो कसा?

बिदर शहराच्या पूर्वेस हबशी कोट नावाची टेकडी आहे. बहामनी आणि बरीदशाही काळात आफ्रिकेतून आलेले जे सरदार व शिपाई या भागात चाकरीस होते, त्यांच्यापैकी काहींच्या कबरी त्या टेकडीवर आहेत. जंजिऱ्याचा सिद्दी आणि निजामशाहीचा मलिक अंबर ही नावे तर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून परिचयाची झालेली असतात. परंतु आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हजारो वंशज आजही आपल्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांत राहतात, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या मुलांच्या खेळाची हकीगत विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे. तिच्यातून जो प्रश्न उभा राहतो तो मात्र केवळ त्यांचा नाही. दूरच्या व उपेक्षित मुलांपर्यंत बाहेरच्या माणसांनी एखादा खेळ नेला, तर तो तेथे केव्हा रुजतो आणि केव्हा वाळून जातो, हा तो प्रश्न होय.

हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, जोयडा आणि शिरसी या तालुक्यांच्या रानांत सिद्दींच्या लहान लहान वस्त्या विखुरलेल्या आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून जी माणसे गुलाम करून गोव्यात आणली, त्यांतील पुष्कळ जण संधी साधून पळाले आणि घाटावरच्या दाट अरण्यात आश्रयास राहिले. यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. बहुतेकांच्या घरात कोकणी बोलली जाते. आमची मातृभाषाही कोकणीच असल्यामुळे या लोकांविषयी आम्हांला विशेष जिव्हाळा वाटतो, हे येथे मोकळेपणाने सांगितलेले बरे. पिढ्यान्‌पिढ्या रानातील मजुरी आणि थोडीबहुत शेती यांवर त्यांचा निर्वाह चालत आला. इ. स. २००३ मध्ये उत्तर कन्नडातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला, आणि २०२० साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. विधिमंडळात बसणारे ते पहिले सिद्दी होत.

आता खेळाकडे वळू. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना १९८४ साली झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ च्या सुमारास, प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजना हाती घेतली. ज्या भागांतील लोक निसर्गतःच काटक व चपळ आहेत, त्या भागांतील मुले लहान वयात निवडावीत, त्यांना वसतिगृहात ठेवून उत्तम आहार, शिक्षण व प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्यातून देशासाठी खेळाडू घडवावेत, अशी ती कल्पना होती. त्या वेळी केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री मार्गारेट आळ्वा या कर्नाटकाच्याच होत्या. सिद्दींच्या वस्त्यांत निवडचाचण्या झाल्या. ज्या मुलांनी धावण्याची पादत्राणे कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, ती मुले मैदानावर उतरली. त्यांच्यातून चांगले धावपटू तयार झाले, काहींनी राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले, आणि काहींना खेळाच्या बळावर नोकऱ्याही लाभल्या.

परंतु १९९३ साली सिद्दींसाठीचे हे काम बंद पडले. जी मुले ऐन उमेदीत होती त्यांच्यापैकी कित्येकांना पुन्हा गावाची वाट धरावी लागली. वस्तीत परतल्यावर त्यांच्यापाशी धावण्याचे ज्ञान होते, पण मैदान नव्हते, साधने नव्हती, आणि 'हे तू आता इतरांना शिकव' असे सांगणारेही कोणी नव्हते. मुलांना रानातून उचलून शहरात नेले होते. रानात मात्र काहीच उभे केले नव्हते. त्यामुळे योजना थांबताच सारेच थांबले.

या योजनेच्या मुळाशी असलेली एक समजूतही तपासून पाहिली पाहिजे. आफ्रिकेचे धावपटू जगात पुढे आहेत, सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेचे, तेव्हा यांच्या रक्तातच वेग असणार, असे अनुमान त्या वेळी अनेकांनी केले. ऐकावयास ते सोपे वाटते. परंतु खुद्द आफ्रिकेत काय दिसते? केनिया देशात उंच पठारावर इतेन नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील सेंट पॅट्रिक हायस्कुलात १९७६ साली कॉम ओ'कॉनेल नावाचे एक आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवण्यासाठी आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचे त्यांना काहीही ज्ञान नव्हते. मुलांचे धावणे पाहत पाहत ते स्वतः शिकले आणि तेथेच राहिले. त्यांच्या हाताखाली ऑलिंपिक विजेते व विश्वविजेते घडले. डेव्हिड रुडिशा हा त्यांचाच शिष्य. त्याने २०१२ साली लंडन येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला आणि २०१६ साली सुवर्णपदक पुन्हा जिंकले. उंचावरची विरळ हवा, मुलांचे कष्टाळू जीवन, शाळाशाळांतील चुरस आणि दशकानुदशके एका जागी राहिलेला शिक्षक, इतक्या गोष्टी तेथे एकत्र आल्या. त्या सर्वांना 'रक्त' या एका शब्दात कोंबणे म्हणजे अभ्यास टाळणे होय. शिवाय रक्तावर भरवसा ठेवणारा मनुष्य मुलाकडे मूल म्हणून पाहत नाही, पदकाची खाण म्हणून पाहतो. आणि खाणीतून काही निघेनासे झाले की तो निघून जातो.

आता थोडे दूरचे, बर्फाच्या प्रदेशातील उदाहरण घेऊ. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात बर्फ पडत नाही, म्हणून प्रथम तो खेळ समजावून सांगतो. त्याला स्कीइंग म्हणतात. पायांत लांब, अरुंद आणि पुढे वर वळलेल्या दोन पट्ट्या बांधावयाच्या आणि हातांत दोन काठ्या घेऊन बर्फावरून सरकत जावयाचे. याचा एक प्रकार डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याचा आहे. दुसरा प्रकार सपाट व चढउताराच्या माळरानावरून मैलोगणती जाण्याचा. या दुसऱ्या प्रकारात बुटाचा केवळ पुढचा भाग पट्टीला जोडलेला असतो; टाच मोकळी राहते. पट्टी मधोमध किंचित कमानदार असते आणि त्या भागाला विशिष्ट मेण लावतात. एका पायावर भार देऊन रेटा दिला की कमान दबते, मेण बर्फाला धरते आणि शरीर पुढे जाते. भार काढला की कमान वर उचलली जाते आणि पट्टी घसरू लागते. घर्षण हवे तेव्हा मिळवणे आणि नको तेव्हा टाळणे, हे पदार्थविज्ञानाचे सुंदर उदाहरण वर्गात अवश्य सांगण्याजोगे आहे.

कॅनडाच्या अगदी उत्तरेस, ध्रुववृत्तापलीकडे, इनुविक नावाचे गाव आहे. तिकडील ग्विचिन, इनुइट आदी मूळ रहिवाशांच्या मुलांना हा खेळ शिकवण्याचे काम जाँ-मारी मूशे या फ्रेंच मिशनऱ्याने अंगावर घेतले. १९६० च्या दशकात इनुविक येथे स्की-प्रशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. त्यातून शॅरन व शर्ली फर्थ या ग्विचिन वंशाच्या जुळ्या बहिणी पुढे आल्या. सप्पोरो १९७२, इन्सब्रुक १९७६, लेक प्लॅसिड १९८० आणि साराजेव्हो १९८४ अशा चार हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत त्या कॅनडाच्या वतीने उतरल्या. देशाने १९८७ साली दोघींनाही 'ऑर्डर ऑफ कॅनडा' या सन्मानाने गौरविले.

येथेच चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच देशात, त्याच काळात, सरकार व चर्च यांच्या निवासी शाळांनी मूळ रहिवाशांच्या असंख्य मुलांना आईबापांपासून तोडले होते. मुलांना त्यांची भाषा बोलू दिली जात नसे, आणि अनेकांचा छळ झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. म्हणून त्या वस्त्यांत बाहेरून कोणी मुलांसाठी काही घेऊन आला, तर वडीलधारी माणसे आधी त्याचा हेतू निरखून पाहतात. तसे त्यांनी पाहिले तर त्यांना दोष देता येणार नाही.

या अनुभवानंतर निराळ्या रीतीचे प्रयत्नही होत आहेत. अलास्कातील कोट्झेब्यूच्या परिसरात लार्स फ्लोरा या ऑलिंपिकपटूने २०१२ साली असे काम आरंभिले. तिकडील कित्येक गावांना जोडणारा रस्ताच नाही. विमानाने जावे लागते. स्वयंसेवक स्कीइंगचे साहित्य घेऊन गावात उतरतात, काही दिवस शाळेत राहतात आणि निवड न करता सगळ्याच मुलांना शिकवतात. कॅनडात ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेल्या बेकी स्कॉट यांनीही मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी असेच काम उभे केले आहे. येथे मुलाला घरापासून दूर नेत नाहीत, खेळच त्याच्या दारी नेतात. बर्फ त्याच्या ओळखीचे, गाव त्याचे, भाषा त्याची. नवी असते ती पायांतली पट्टी. तथापि काही दिवसांचा पाहुणा निघून गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न तेथेही उरतोच. गावातील एखादा शिक्षक किंवा एखादा मोठा मुलगा ते काम उचलतो तेथेच वर्षभर खेळ चालू शकतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण याला पूरक आहे. नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरात सावरपाडा हा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. पुढे २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉन शर्यतीतही ती धावली. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे तिचे नाव घरोघरी झाले. तिच्यामागे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांचे परिश्रम होते. मूळचे उत्तरेकडील हे गृहस्थ नाशकात आले आणि वर्षानुवर्षे तेथेच राहून धावपटू घडवीत राहिले. एक मुलगी यशस्वी झाली म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही.

सिद्दींच्या मुलखातही सारे संपलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. अलीकडच्या काळात मुंडगोड भागात 'ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स' या संस्थेने सिद्दी आणि इतर वनवासी मुलांसाठी प्रशिक्षण सुरू केले आहे. त्याच भागात गवळी-धनगरांच्या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. म्हणजे ज्या रानाला आपण परके समजतो, तेथे आपलीच भाषा बोलणारी मुलेही आहेत. या मुलांतून पदके येतील तर आनंदच आहे. पण आज शिकणाऱ्यांपैकी किती जण उद्या आपल्याच वस्तीत शिकवू लागतील, यावरून या कामाची खरी परीक्षा होईल, असे आम्हांला वाटते.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे वाचून 'आपण यात काय करणार?' असे तुम्ही विचाराल. आपल्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत तांडे थोडे नाहीत. औराद, चिंचोळी, आळंद या तालुक्यांत फिरताना ते जागोजागी दिसतात. काही तांड्यांतील आईबाप ऊसतोडणीसाठी वा मजुरीसाठी दूर जातात, आणि मुलांच्या शाळेत खंड पडतो. वरच्या वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून जवळचा एक तांडा निवडावा. पहिल्या दिवशी शिकवू नये. तेथील मुले कोणते खेळ खेळतात ते विचारावे आणि ते आपण शिकावेत. नंतर खो-खो, लंगडी किंवा धावणे यांपैकी एकच खेळ घ्यावा, कारण त्याला साधने जवळजवळ लागत नाहीत. सर्वात चपळ मूल शोधण्याची घाई करू नये. मागे राहणारी मुलगी आणि लाजरा मुलगाही खेळात आला पाहिजे. मुलांशी जमेल तेवढे त्यांच्या बोलीत बोलावे. चुकले तर ती हसतील, आणि त्या हसण्याने ओळख लवकर होईल. त्यांच्यातील दोन मोठ्या मुलांना शिट्टी वाजवावयास, डाव मांडावयास आणि तंटा मिटवावयास शिकवावे, आणि शिट्टी त्यांच्याचकडे ठेवून यावे.

असे एक वर्ष केल्यावर आपले काम जमले की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. परीक्षेमुळे किंवा पावसामुळे एखाद्या रविवारी आपले जाणे होणार नाही. पुढच्या खेपेस गेल्यावर एवढेच विचारावे, की मागच्या रविवारी डाव मांडला होता का, आणि शिट्टी कोणी वाजवली?