विजोड जोडी

औताला बैल जुंपताना शेतकरी सारख्या उंचीची व सारख्या चालीची जोडी निवडतो. एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असला, तर जू तिरपे होते व काम नीट होत नाही. गुन्ह्याचा शोध लावणाऱ्या विनोदी चित्रपटांत मात्र याच्या उलट प्रकार आढळतो. तेथे मुद्दाम विजोड जोडी जुंपलेली असते, आणि प्रेक्षकांना तीच आवडते. असे का बरे व्हावे?

अमेरिकेतील डिस्ने कंपनीचा २०१६ सालचा 'झूटोपिया' हा ॲनिमेशनपट पाहा. त्यातील नगरात माणूस नाही. सारी वस्ती प्राण्यांची. जूडी हॉप्स ही खेड्यातून आलेली सशाची मुलगी नुकतीच पोलिसांत दाखल झाली आहे. ती सरळ, उत्साही व नियमाला धरून चालणारी. निक वाइल्ड हा कोल्हा. गोड बोलून लोकांस ठकवणारा. या दोघांना एका बेपत्ता पाणमांजराचा शोध लावावयाचा आहे. मुदत अवघी ४८ तासांची. शोध न लागल्यास जूडीने नोकरी सोडावी, अशी अट आहे. निक काही स्वखुशीने आलेला नाही. त्याने कर बुडविल्याची त्याच्याच तोंडची कबुली जूडीने गाजराच्या आकाराच्या ध्वनिमुद्रक लेखणीत पकडून ठेवली आहे!

जूडीला घाई झालेली, तर निक तिला वाहन-नोंदणीच्या कचेरीत नेतो. तेथील कारकून स्लॉथ, म्हणजे अत्यंत मंद प्राणी. एकेक शब्द उच्चारावयास त्याला कितीतरी वेळ लागतो. अशात निक त्याला विनोद सांगत बसतो. बाहेर पडेपर्यंत रात्र होते. दोघे एकाच स्वभावाचे असते, तर ही गंमत घडलीच नसती.

परंतु विजोडपणाचा उपयोग केवळ हसविण्यापुरता नाही. जूडीला कायदा ठाऊक. निकला शहरातील गल्लीबोळ आणि लबाडांचे मन ठाऊक. एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्यास दिसते.

पुढे बेपत्ता प्राणी सापडतात. पण ते पिसाळलेले असतात. ते सारे मांसाहारी असल्यामुळे, हा दोष त्यांच्या रक्तातच असावा, असे जूडी वार्ताहरांपुढे बोलून जाते. निकला हे फार लागते. तो केवळ कोल्हा, म्हणून लहानपणी सोबतच्या मुलांनी त्याच्या तोंडाला मुसके घातले होते. तो निघून जातो. पुराव्यावाचून कोणास दोषी मानू नये, हे पोलिसाचे पहिले कर्तव्य. तेच जूडी विसरली होती.

एका विषारी फुलामुळे ते प्राणी पिसाळले, हे गावी परतल्यावर जूडीस कळते. ती निकला शोधून काढते व रडत रडत क्षमा मागते. तेव्हा निक काय करतो? ती जुनी लेखणी त्याच्या हाती असते, आणि या वेळी तिच्यात जूडीची कबुली उमटलेली असते! पहिली कबुली धाकासाठी वापरली गेली. दुसरी मनापासून दिली गेली. त्या क्षणी ही विजोड माणसे खरे जोडीदार होतात.

गुन्हेगार कोण, याची उत्सुकता एकदा चित्रपट पाहिला की संपते. या दोघांचे मन कसे जुळले, हे मात्र पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते.

स्वाध्याय

१. निक जूडीस सोडून का गेला?
२. लेखणीतील दोन कबुल्यांमध्ये कोणता फरक आहे?
३. तुमच्याहून अगदी भिन्न स्वभावाच्या मित्राविषयी दहा ओळी लिहा.