अंगणावर सावली कशाची?

प्रश्न : बारामतीजवळ आमचं बैठं घर आहे. अंगणात दुपारी चहाला बसावंसं वाटतं, पण एप्रिल-मेमध्ये साडेचारलाही फरशी पोळते. वर पत्रा टाकावा, पॉलिकार्बोनेट बसवावं की शेडनेट बांधावी?

उत्तर : आधी सावली कुठे पडेल ते बघा, साहित्य मग ठरवा. १४ मेच्या आसपास तुमच्याकडे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, तेव्हा छताची सावली छताखालीच पडते. पण साडेतीनला आठ फूट उंच छताची सावली सात-एक फूट पूर्वेला सरकते आणि साडेचारला तब्बल बारा फूट! म्हणजे तुमच्या चहाच्या वेळेला खुर्च्या उन्हात आणि सावली भलतीकडे. म्हणून छत कुठलंही घाला, पश्चिमेची बाजू बांबूच्या तट्ट्याने किंवा वेलाने झाकायलाच हवी. बहुतेक जण सगळा खर्च वरच करतात आणि ही बाजू उघडी ठेवतात.

आता छत. पत्रा मला अंगणावर मुळीच पसंत नाही. तो दिवसभर तापतो आणि खाली बसणाऱ्याला त्याची धग लागत राहते. पारदर्शक पॉलिकार्बोनेट पाऊस अडवतं, ऊन नाही. शेडनेटमधून हवा खेळती राहते. रोपांसाठी बहुधा ५० टक्क्यांची जाळी लावतात. माणसांना बसायला ७५ टक्क्यांची घ्या.

माझं मत मात्र वेलाच्या मांडवाला. पानं मुळांनी ओढलेलं पाणी बाहेर टाकत असतात, त्यामुळे ती पत्र्यासारखी तापत नाहीत. मधुमालती लावा, एकदा रुजली की मांडव भरून टाकते. तोवर जानेवारी अखेरीस मांडवाच्या कडेला दुधी किंवा घोसाळी पेरा. पाणी नीट दिलंत तर एप्रिलमध्ये वर हिरवं छत आणि हाताशी भाजी. हंगाम संपला की वेल काढून टाकायचे, थंडीत कोवळं ऊन अंगणात येतं. कोकणात माडाच्या झावळ्यांचा मांडव पावसाळा सरल्यावर घालतात आणि पुढच्या पावसाआधी उतरवतात, तेही असंच ऋतू बघून.

खांबांत हयगय नको. भरलेला वेल ओला झाला की फार जड होतो, म्हणून लोखंडी पाइप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसवा. जाळी लावलीत तर वळवाचं आभाळ दिसताच सोडून ठेवा.