संगणकातील दप्तराचे जतन

ग्रामपंचायतीचा ठराव असो वा शाळेचा निकाल, आज पुष्कळशी माहिती संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठविली जाते. या डिस्कमधील तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि त्यांवरील नोंद वाचणारे शीर्ष केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. धक्का बसल्यास ते तबकडीवर घासते व तेथील नोंदी कायमच्या नष्ट होतात.

फाइल उघडण्यास विलंब लागणे, संगणक वारंवार अडणे ही बिघाडाची पूर्वचिन्हे होत. अशा वेळी त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. प्रथम तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या निर्दोष डिस्कवर घ्यावी व हरवलेल्या फाइलींचा शोध त्या प्रतीतच घ्यावा. टकटक असा आवाज येत असल्यास मात्र संगणक तत्काळ बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे सोपवावी. ती स्वतः उघडू नये.

तथापि, खरा उपाय बिघाडापूर्वीच योजावयाचा असतो. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य इमारतीत असावी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक कागदपत्रे भस्मसात झाली. एका छताखालील सर्व प्रती एकाच वेळी नष्ट होऊ शकतात, हे अशा दुर्घटनांवरून ध्यानी यावे. घेतलेली प्रत अधूनमधून उघडून पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. दप्तर हरवले, तर अखेर अडतो तो दाखल्यासाठी आलेला नागरिक.